हुकूमशहा पडद्यावर दिसतच नाही : पाच चित्रपट आणि माणसाला एकटे पाडण्याचे तंत्र

वस्तीतल्या अभ्यासिकेत महिन्यातून एका रविवारी आम्ही प्रोजेक्टर लावून चित्रपट दाखवतो. अकरावीपासून पदवीपर्यंतची पंचवीस-तीस मुले-मुली येतात. चित्रपट संपला की अर्धा-पाऊण तास चर्चा होते. काही महिन्यांपूर्वी आम्ही मायकेल रॅडफर्ड यांचा 'नाइन्टीन एटी-फोर' दाखवला. दिवे लागल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग मागे बसलेल्या एका मुलाने विचारले, "ताई, त्या माणसाचे एवढे हाल केले. पण तो बिग ब्रदर आहे कुठे? अख्ख्या पिक्चरमध्ये नुसता फोटोच दिसला."

मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला. हुकूमशाही म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक चेहरा येतो. गणवेश, भाषण, समोर हात उंचावलेला जमाव. पण भविष्यातल्या भयाण समाजाची कल्पना करणारे, ज्यांना डिस्टोपियन म्हणतात ते चित्रपट नीट पाहिले तर त्यातल्या बहुतेकांत हा चेहरा नसतो किंवा असला तरी त्याला फारसे काम नसते. मग लोकांना ताब्यात कोण ठेवते? आणि लोक ऐकतात तरी का? या लेखात पाच चित्रपट शेजारी ठेवून या प्रश्नाचे उत्तर शोधायचा प्रयत्न केला आहे.

हुकूमशाही आणि सर्वंकष सत्ता

आधी एक फरक समजून घेऊ. साधी हुकूमशाही माणसाला गप्प बसायला सांगते. राजकारणात पडू नका, सरकारविरुद्ध बोलू नका, मग घरात काय करता याच्याशी तिला फारसे देणेघेणे नसते. सर्वंकष सत्ता तेवढ्यावर थांबत नाही. तिला माणसाचे घर, त्याची भाषा, त्याची आठवण आणि शेवटी त्याचे मनही हवे असते. माणसाने आज्ञा पाळणे तिला पुरत नाही, ती आज्ञा त्याला मनापासून पटली पाहिजे असा तिचा आग्रह असतो.

हॅना आरेंट या विचारवंत बाईंनी या विषयावर १९५१ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्या जर्मनीतल्या ज्यू. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा मला समाजशास्त्र शिकताना समजला नव्हता, वस्तीत काम करताना समजला. त्या म्हणतात, अशी सत्ता एकाकी माणसांवर उभी राहते. ज्यांचे एकमेकांशी नाते तुटले आहे, ज्यांना शेजाऱ्याचा भरवसा नाही, अशी सुटी माणसे तिला हवी असतात. माणसे जिथे सुटी नसतात, तिथे ती त्यांना सुटी करते.

आता हाच धागा हातात धरून चित्रपटांकडे जाऊ.

भीती : 'नाइन्टीन एटी-फोर'

जॉर्ज ऑर्वेल यांची कादंबरी १९४९ मध्ये आली. रॅडफर्ड यांनी चित्रपट बनवला तो नेमका १९८४ साली, लंडन आणि आसपासच्या परिसरात. जॉन हर्ट यांनी विन्स्टन स्मिथची भूमिका केली. त्याचा छळ करणारा अधिकारी ओब्रायन रिचर्ड बर्टन यांनी साकारला आणि तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. चित्रपटाचे रंग मुद्दाम विटके ठेवले आहेत. भिंती, कपडे, जेवण, सगळे राखेसारखे दिसते.

विन्स्टन 'सत्य मंत्रालयात' नोकरी करतो. त्याचे काम जुनी वर्तमानपत्रे दुरुस्त करण्याचे. काल सरकार जे बोलले ते आज अडचणीचे झाले, की कालचा अंकच बदलायचा. घराघरात असा पडदा आहे की आपण त्याला पाहतो आणि तोही आपल्याला पाहतो. शेजारी राहणारा पार्सन्स हा सत्तेचा भाबडा भक्त, पण त्यालाही अटक होते, कारण त्याच्या स्वतःच्या लहान मुलीने त्याची चुगली केलेली असते.

पहारा, छळ, खोटा इतिहास, हे सगळे लक्षात राहते. पण सत्तेचे खरे उद्दिष्ट कळते ते शेवटी. विन्स्टनचे ज्युलियावर प्रेम आहे. खोली क्रमांक १०१ मध्ये उंदरांचा पिंजरा तोंडाजवळ आणल्यावर तो ओरडतो की हे माझ्याऐवजी तिला करा. तिथे छळ थांबतो. ओब्रायनला त्याच्याकडून कुठली माहिती नको होती. त्याला त्या दोघांमधला विश्वास मोडायचा होता. तो मोडल्यावर विन्स्टनला सोडून दिले तरी चालते. सुटलेला विन्स्टन आता कोणाचाच उरलेला नसतो.

सुख : 'फॅरनहाइट ४५१'

रे ब्रॅडबरी यांच्या कादंबरीवर फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९६६ मध्ये हा चित्रपट केला. त्रुफोंचा हा पहिला रंगीत आणि इंग्रजीतला एकमेव चित्रपट. या समाजात पुस्तक बाळगणे गुन्हा आहे. अग्निशामक दलाचे काम आग विझवण्याचे नाही, पुस्तके जाळण्याचे आहे. त्रुफोंनी एक साधी युक्ती केली आहे. चित्रपटाच्या सुरुवातीची नावे पडद्यावर अक्षरांत येत नाहीत, कोणीतरी ती वाचून दाखवते. वर्तमानपत्रातही फक्त चित्रे असतात. वाचणे बंद झालेल्या जगात प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून बसवले जाते.

इथे राखाडी भिंती नाहीत. घरे टुमदार, कपडे नीटनेटके, भिंतीवर मोठा पडदा. नायक माँटॅगची बायको लिंडा दिवसभर त्या पडद्यासमोर असते आणि रात्री गोळ्या घेऊन झोपते. पडद्यावरच्या नाटकात मधेच 'लिंडा, तुला काय वाटते?' असे विचारले जाते. ती उत्तर देते आणि आपण नाटकात काम केले म्हणून खूश होते. तिच्यावर कोणी बंदूक रोखलेली नाही. तिला गप्प करावे लागत नाही, कारण तिच्याकडे सांगण्यासारखे काही उरलेलेच नाही.

'नाइन्टीन एटी-फोर'शी तुलना केली की फरक दिसतो. तिथे पडदा माणसावर नजर ठेवतो, इथे माणूस पडद्यावरून नजर हटवत नाही. पण परिणाम पाहा. माँटॅग चोरून पुस्तके वाचू लागतो तेव्हा त्याच्याविरुद्ध तक्रार करणारी दुसरी कोणी नसते, लिंडाच असते. पार्सन्सची मुलगी आणि लिंडा यांचे मार्ग वेगळे, पोहोचतात मात्र एकाच ठिकाणी.

कागद : 'ब्राझील'

टेरी गिलियम यांचा 'ब्राझील' १९८५ मध्ये आला. नावाचा ब्राझील देशाशी संबंध नाही. ते एका जुन्या गाण्यावरून घेतले आहे. गोष्टीची सुरुवात एका माशीपासून होते. सरकारी कार्यालयातल्या छपाई यंत्रात माशी पडते आणि 'टटल' या आडनावाचे 'बटल' होते. त्या एका अक्षरासाठी बटल नावाच्या निरपराध माणसाला त्याच्या बायकामुलांसमोरून पोत्यासारखा बांधून नेतात. बायकोची सही घेतात आणि तिच्या हातात पावती देतात. चौकशीत तो मरतो. चौकशीचा खर्च आरोपीकडून वसूल करायची पद्धत असल्यामुळे पुढे हिशेब लागतो, जास्त घेतलेली रक्कम परत करायची ठरते आणि नायक सॅम लॉरी त्या विधवेकडे धनादेश घेऊन जातो. ती विचारते, माझ्या नवऱ्याच्या मृतदेहाचे काय केले? सॅमकडे त्याचे उत्तर नसते. त्याचे खाते वेगळे आहे.

वरच्या मजल्यावर राहणारी जिल ही चूक लक्षात आणून द्यायला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरते. चूक दुरुस्त होत नाही, उलट तीच संशयित ठरते. छळ करणारा जॅक हा सॅमचा मित्र. घरी प्रेमळ बाप, कामावर जाताना कोट बदलतो इतकेच. या चित्रपटात क्रूर वाटावा असा माणूस शोधावा लागतो. प्रत्येकजण आपल्या टेबलापुरते काम चोख करतो आणि त्यातून माणूस मरतो.

कागदपत्रांच्या कामासाठी लोकांबरोबर कार्यालयांत जाणाऱ्या कोणालाही 'ब्राझील' समजावून सांगावा लागत नाही. एका कार्डावर 'शांताबाई' आणि दुसऱ्यावर 'शांता' असेल, तर त्या दोन अक्षरांपायी म्हाताऱ्या बाईचे किती दिवस मोडतात, हे आम्ही रोज पाहतो. आपली कार्यालये म्हणजे छळछावण्या आहेत असे मला अजिबात म्हणायचे नाही. पण 'हे माझ्याकडे येत नाही' या वाक्यात केवढी ताकद आहे, ते हा चित्रपट टोकाला नेऊन दाखवतो. चित्रपटाचा शेवटही असाच निष्ठुर आहे. सॅमची सुटका झालेली आपण पाहतो आणि मग कळते की ती फक्त त्याच्या डोक्यात झाली, तो अजून त्याच खुर्चीत आहे. अमेरिकेतल्या निर्मिती कंपनीला शेवट गोड हवा होता. गिलियम यांनी त्याविरुद्ध उघड भांडण केले आणि लॉस एंजलिसच्या समीक्षकांनी याच चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ठरवले.

जन्म : 'गॅटका'

अँड्र्यू निकोल यांचा 'गॅटका' १९९७ चा. नावातली अक्षरे जी, ए, टी, सी, म्हणजे आपल्या डीएनएचे चार घटक. या समाजात आईबाप प्रयोगशाळेत निवडून मूल जन्माला घालतात. निसर्गतः जन्मलेले मूल कमअस्सल मानले जाते. व्हिन्सेंट असाच जन्मलेला. जन्मल्यानंतर काही क्षणांत परिचारिका सांगते की याला हृदयविकार होण्याची शक्यता ९९ टक्के आणि आयुष्य सुमारे ३० वर्षे. बाप स्वतःचे नाव मुलाला द्यायचे ठरवून आलेला असतो. आकडा ऐकून विचार बदलतो. ते नाव तो दुसऱ्या, निवडून जन्मवलेल्या मुलासाठी राखून ठेवतो.

या समाजात पोलीस आहेत, पण हुकूमशहा नाही, पोस्टर नाही, पुस्तके जाळणे नाही. विशेष म्हणजे असा भेदभाव कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा कोणी मनावर घेत नाही. नोकरीच्या मुलाखतीत प्रश्न विचारत नाहीत, लघवीचा नमुना घेतात. व्हिन्सेंटला अंतराळात जायचे आहे आणि गॅटका या अंतराळसंस्थेत त्याला सफाईचे काम मिळते. पुढे तो दुसऱ्या माणसाचे रक्त, केस, ओळख उसनी घेऊन त्याच इमारतीत नॅव्हिगेटर म्हणून शिरतो.

'गॅटका' दाखवला त्या रविवारी चर्चा सुरू करायला मला काही करावे लागले नाही. एक मुलगी म्हणाली, "यांना रक्त तपासावे लागते. आपल्याकडे आडनाव विचारले तरी पुरते." डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात हेच दाखवले होते, की जात कामाची विभागणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांनाच जन्मावरून वेगवेगळ्या कप्प्यांत बंद करते आणि ते कप्पे एकावर एक रचते. निकोल यांनी जातीचा विचार केला असेल किंवा नसेल. पण जन्मावर उभा असलेला समाज कसा चालतो, हे त्यांना अचूक पकडता आले आहे. अशा समाजात खालच्या माणसाला दाबून ठेवायला शिपाई लागत नाही. आपली पायरीच ही, असे त्याला लहानपणापासून शिकवले की काम भागते. आणि पराभव झाला की तो व्यवस्थेला दोष देत नाही, स्वतःला देतो. वस्तीतली हुशार मुले 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' म्हणतात, तेव्हा मला हा चित्रपट आठवतो.

आशा : 'द हंगर गेम्स'

सुझान कॉलिन्स यांच्या कादंबरीवर गॅरी रॉस यांनी २०१२ मध्ये हा चित्रपट केला. तरुण मुलांनी यादीतला हाच चित्रपट आधी पाहिलेला असतो. पॅनेम नावाच्या देशात एक श्रीमंत राजधानी आणि तिला पोसणारे १२ जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडायची. ही २४ मुले एकमेकांना मारतात, एक उरतो आणि सगळा देश ते टीव्हीवर पाहतो. धान्य जास्त हवे असेल तर मुलाच्या नावाच्या चिठ्ठ्या वाढवता येतात. म्हणजे चिठ्ठी सगळ्यांसाठी सारखी दिसते, पण गरिबाच्या पोराचे नाव निघण्याची शक्यता जास्त.

पाचांपैकी इथे मात्र हुकूमशहा समोर दिसतो. राष्ट्राध्यक्ष स्नो गुलाबाच्या बागेत काम करताना खेळाच्या व्यवस्थापकाला समजावतो की एक विजेता ठेवण्याचे कारण आशा हे आहे. थोडी आशा असली की लोक शांत राहतात, जास्त झाली की धोका. आशासुद्धा मापून द्यायची. बोंग जून-हो यांच्या 'स्नोपिअर्सर'मध्ये (२०१३) याचीच पुढची पायरी आहे. तिथे आगगाडीच्या शेवटच्या डब्यातल्या गरिबांचे बंडसुद्धा, लोकसंख्या कमी व्हावी म्हणून, इंजिनात बसलेल्या मालकाने आधीच हिशेबात धरलेले निघते.

हंगर गेम्सचा नियमच असा आहे की शेजारच्या मुलावर विश्वास ठेवला तर मराल. आणि तो नियम मोडतो तिथेच सत्ता हादरते. कॅटनिस ही १२व्या जिल्ह्यातली मुलगी. ११व्या जिल्ह्यातली चिमुकली रू मारली जाते तेव्हा ती तिच्या देहाभोवती फुले ठेवते आणि कॅमेऱ्याकडे पाहून तीन बोटे उंचावते. तिकडे रूच्या जिल्ह्यात लोक रस्त्यावर उतरतात. शेवटी कॅटनिस आणि पीटा दोघेही विषारी फळे खायला तयार होतात, पण एकमेकांना मारायला नाही. चित्रपटातली ही तीन बोटे पुढे खऱ्या रस्त्यावर आली. थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर आणि म्यानमारमध्ये २०२१ च्या उठावानंतर निदर्शकांनी हीच खूण वापरली.

पाचही एकत्र ठेवले तर

भीती, सुख, कागद, जन्म आणि मापून दिलेली आशा. हत्यारे पाच आहेत, निशाणा एकच : माणसाचा दुसऱ्या माणसावरचा विश्वास. मुलगी बापाची चुगली करते, बायको नवऱ्याची. मित्र मित्राचा छळ करतो, बाप मुलाला स्वतःचे नाव नाकारतो, मुले मुलांना मारतात. मागे बसलेल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. बिग ब्रदर दिसत नाही, कारण त्याला प्रत्यक्ष हजर राहायची गरज उरलेली नसते. त्याचे काम लोक एकमेकांवर करत असतात.

आणि उलट बाजूही पाहा. जिथे जिथे व्यवस्थेला तडा जातो, तिथे एक दुसरा माणूस आहे. 'फॅरनहाइट'च्या शेवटी जंगलात राहणारी माणसे एकेक पुस्तक तोंडपाठ करतात आणि मरणाच्या दारातला म्हातारा एका मुलाकडून आपले पुस्तक पाठ करून घेतो. 'ब्राझील'मध्ये टटल हा दुरुस्ती करणारा कारागीर अर्ज न भरता मदतीला येतो. 'गॅटका'त डॉक्टर लमार यांना व्हिन्सेंट कोण हे आधीच ठाऊक असते, आणि ते शेवटच्या तपासणीत त्याला जाऊ देतात, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलातही काही उणे निघाले आहे.

चित्रपट काय दाखवत नाहीत

या चित्रपटांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बहुतेकांत एकच नायक जागा होतो, बाकी समाज झोपलेला. ज्युलिया, क्लॅरिस, जिल, आयरीन या स्त्रिया प्रामुख्याने नायकाला जागे करण्यापुरत्या किंवा त्याच्या प्रेमापुरत्या येतात. संघटना, सभा, वर्गणी, मोर्चा, कोर्टातली लढाई, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी जवळजवळ दिसत नाहीत. फ्रिट्झ लँग यांच्या १९२७ च्या 'मेट्रोपोलिस'मध्ये जमिनीखाली राबणारे हजारो कामगार दिसतात खरे, पण शेवटी मालक आणि मुकादम यांचे हात हातात दिले जातात आणि व्यवस्था तशीच राहते. खऱ्या जगात बदल असा झालेला नाही. तो अनेकांनी मिळून, अनेक वर्षे खपून झाला आहे.

दुसरा धोका प्रेक्षकाचा. पडद्यावरचे टोक पाहून आपण म्हणतो, आपल्याकडे असे काही नाही, म्हणजे आपण सुरक्षित. मग आपण चेहरा शोधत राहतो आणि तंत्राकडे दुर्लक्ष होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा शेवट हुकूमशाहीत होतो असा इशारा दिला होता. तो आपण अनेकदा ऐकतो. त्याच भाषणात त्यांनी बंधुतेबद्दलही बजावले होते, की ती नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगासारख्या राहतील. तो भाग आपण कमी वेळा ऐकतो. हे चित्रपट मला त्या दुसऱ्या भागाचे स्पष्टीकरण वाटतात.

म्हणून असा चित्रपट पाहाल तेव्हा खलनायक कोण हे नंतर ठरवा. आधी तीन प्रश्न विचारा. इथे कोण कोणाची चुगली करतो? कोण 'हे माझे काम नाही' म्हणतो? आणि खालची माणसे स्वतःला का दोष देतात? मग दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीत, कार्यालयात, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात हेच तीन प्रश्न विचारून पाहा. आमच्या अभ्यासिकेत मुलांनी हे तीन प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले आहेत. पुढच्या रविवारी आम्ही 'ब्राझील' पुन्हा दाखवणार आहोत. या वेळी मुलांनी आपापल्या आयांनाही बोलावले आहे, कारण कार्यालयांच्या खिडक्यांसमोर रांगेत उभ्या राहतात त्या.